नेत्ररोग : प्राचीन शालाक्य, आधुनिक विज्ञान आणि श्रावकाचा विवेक

(चारठाणा येथे सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सन १९५५ च्या भाद्रपदात अवघ्या जैन समाजाचे लक्ष मराठवाड्यातील एका डोंगराकडे लागले होते. तो डोंगर म्हणजे कुंथलगिरी सिद्धक्षेत्र. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी तेथे सल्लेखना धारण केली होती. छत्तीस दिवसांच्या आराधनेनंतर १८ सप्टेंबर १९५५ रोजी महाराज समाधिस्थ झाले. या घटनेचे स्मरण आपल्या समाजात श्रद्धेने केले जाते. परंतु त्या सल्लेखनेमागचे कारण नव्या पिढीतील अनेकांना ठाऊक नसते. महाराजांची दृष्टी क्षीण झाली होती. चार हात भूमी न्याहाळून पाऊल टाकावे ही ईर्यासमिती. डोळेच साथ देईनासे झाले, तर पायाखालच्या जीवाचे रक्षण कसे होणार? व्रताशी तडजोड करण्यापेक्षा देहाचा त्याग श्रेयस्कर, असा तो निर्णय होता.

मुनिधर्माची ही उंची गृहस्थाच्या आवाक्यातील नाही आणि तिचे अनुकरण करावे असे कोणी सांगतही नाही. तथापि या प्रसंगातून श्रावकाने घेण्याजोगा एक बोध आहे. जैनाचरणात डोळा हे केवळ सुखोपभोगाचे इंद्रिय नाही. ते अहिंसेचे साधन आहे. पाच समितींपैकी भाषासमिती वगळली, तर उरलेल्या चारही समितींना डोळ्याची गरज लागते. चालताना, आहार शोधताना, वस्तू उचलता-ठेवताना आणि मलमूत्राचा उत्सर्ग करताना प्रथम पाहावे लागते. गृहस्थाच्या घरीही तेच आहे. पाणी गाळल्यानंतर जिवाणी नीट पोहोचवणे, धान्य निवडणे, पालेभाजी उलटसुलट करून पाहणे, चूल किंवा शेगडी पेटवण्यापूर्वी ती झटकून घेणे, ही सर्व कामे डोळ्यांची आहेत आणि ती बहुधा घरातील वडीलधाऱ्या स्त्रीकडे असतात. त्याच आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला असतो. डाळीतील सोंडा किडा तिला दिसत नाही आणि "आता या वयात कशाला शस्त्रक्रिया" म्हणून तपासणी मात्र वर्षानुवर्षे पुढे ढकलली जाते.

म्हणून नेत्ररोगांच्या निदानाचा व उपचारांचा विचार हा धर्मविचारापासून वेगळा काढता येत नाही. प्राचीन वैद्यकाने या बाबतीत काय दिले, आधुनिक विज्ञानाने त्यात कोणती भर घातली, आणि या दोहोंपैकी आज आपल्या घरात काय ठेवावे व काय सोडावे, हे पाहणे अगत्याचे आहे.

डोळ्याला स्वतःचे काजळ दिसत नाही

आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्या अध्यायात चक्षू आणि मन ही दोन साधने विषयाला स्पर्श न करता ज्ञान घेतात, असा सिद्धान्त आहे. त्यावरील सर्वार्थसिद्धी टीकेत आचार्य पूज्यपादांनी एक मार्मिक युक्तिवाद केला आहे. डोळा जर स्पर्शाने जाणत असता, तर त्याला लागूनच असलेले अंजन त्याने सर्वांत आधी पाहिले असते. परंतु ते त्याला दिसत नाही. जग पाहणारे इंद्रिय स्वतःशी भिडलेले काजळ पाहू शकत नाही.

हा न्यायशास्त्रातील दृष्टान्त असला, तरी नेत्रवैद्यकाला तो चपखल लागू पडतो. डोळ्याला आपल्यातील विकार दिसत नाही. विशेषतः जे विकार हळूहळू वाढतात आणि दुखत नाहीत, ते रोग्याच्या ध्यानात येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. दुसऱ्या कोणीतरी त्या डोळ्यात पाहावे लागते. निदानशास्त्राचा उगम या गरजेतच आहे.

शालाक्यतंत्राची थोरवी

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी शालाक्य हे मानेच्या वरच्या अवयवांचे, म्हणजे डोळे, कान, नाक, मुख आणि मस्तक यांच्या रोगांचे शास्त्र. शलाका म्हणजे सळई; या उपकरणावरून त्यास हे नाव पडले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्राचा आरंभच नेत्ररोगांनी होतो. तेथे डोळ्याची पाच मंडले, सहा संधी व सहा पटले सांगून ७६ नेत्ररोगांचे वर्गीकरण केले आहे. वाग्भटांनी ही संख्या ९४ पर्यंत नेली. रोगाचे स्थान, त्याचा दोष, तो औषधाने बरा होणारा की शस्त्राने, की असाध्य, असा क्रमवार विचार त्यात आहे. ज्या काळी डोळ्याच्या आत डोकावण्याचे कोणतेही उपकरण नव्हते, त्या काळी केवळ पाहणे, स्पर्श करणे आणि रोग्यास प्रश्न विचारणे या तीन साधनांवर उभारलेले हे शास्त्र होते.

दृष्टी मंदावण्याच्या क्रमाला तेथे तिमिर, काच आणि लिंगनाश अशी नावे आहेत. आज मराठीत 'काचबिंदू' हा शब्द डोळ्यातील दाब वाढून दृष्टी नेणाऱ्या एका वेगळ्याच रोगासाठी रूढ झाला आहे. जुन्या ग्रंथातील 'काच' आणि आजचा काचबिंदू एक नव्हेत. नावाच्या या सारखेपणामुळे एका रोगाचे औषध दुसऱ्यावर वापरण्याची चूक होऊ शकते, म्हणून हा भेद ध्यानी ठेवावा.

कफज लिंगनाशावर, म्हणजे आपल्या मोतीबिंदूवर, सुश्रुतांनी शस्त्रकर्म सांगितले. यवाच्या टोकासारख्या अग्राच्या शलाकेने डोळ्याच्या पांढऱ्या भागात नेमक्या जागी वेध करावयाचा. उजवा डोळा डाव्या हाताने आणि डावा डोळा उजव्या हाताने. ऋतू फार उष्ण नको, फार थंड नको. वेधानंतर रोग्यास आकृती दिसू लागल्या की डोळ्यावर तुपाची पट्टी बांधून त्यास उताणे निजवावे. शिंक, खोकला, ढेकर, थुंकणे टाळावे. रोग न पिकता शस्त्र लावू नये, असा इशाराही तेथे आहे. या शेवटच्या इशाऱ्याकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

कल्याणकारक आणि जैन वैद्यकाची परंपरा

या शास्त्राला जैन आचार्यांचे योगदान मोठे आहे. द्वादशांगातील प्राणावाय पूर्व हा वैद्यकाचा मूळ स्रोत मानला जातो. त्या परंपरेतील आज उपलब्ध असलेला महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे आचार्य उग्रादित्यांचा संस्कृत 'कल्याणकारक'. उग्रादित्याचार्य नवव्या शतकातील, राष्ट्रकूट सम्राट नृपतुंग अमोघवर्ष यांचे समकालीन. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. आपला मराठवाडाही त्याच साम्राज्यात होता. हा ग्रंथ पंडित वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या हिंदी अनुवादासह १९४० मध्ये सोलापूरहून प्रसिद्ध झाला.

उग्रादित्याचार्यांनी आपल्या पूर्वसूरींचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. शल्यतंत्र पात्रस्वामींचे, विष व उग्रग्रहांचे शमन सिद्धसेनांचे, कायचिकित्सा दशरथगुरूंची, बालचिकित्सा मेघनादांची, आणि शालाक्य पूज्यपादांचे, असे ते सांगतात. ज्या पूज्यपादांनी काजळाचा दृष्टान्त दिला, तेच शालाक्याचे ग्रंथकर्ते म्हणून स्मरले जातात. त्यांचा तो ग्रंथ आज उपलब्ध नाही. याच आचार्यांची दृष्टी गेली असता शान्त्यष्टकाच्या भक्तीने ती परत आली, अशी कथा परंपरेत सांगितली जाते. परंपरेने एकाच आचार्यांच्या नावाशी भक्तीही जोडली आणि नेत्रवैद्यकही जोडले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. एकाने दुसऱ्याची गरज संपते, असे तिने मानले नाही.

कल्याणकारकाचे वैशिष्ट्य असे की मांस, मद्य व मधु यांचा त्याग करून चिकित्सा उभी राहू शकते, हे त्याने ठासून मांडले. अमोघवर्षांच्या सभेत वैद्यांसमोर औषधातील मांसाच्या निषेधाचे प्रतिपादन झाल्याचा उल्लेख ग्रंथाच्या अखेरच्या हिताहित प्रकरणाशी जोडलेला आहे. रातांधळेपणाचे उदाहरण घेतल्यास या भूमिकेचे महत्त्व कळते. सुश्रुतसंहितेत रातांधळेपणावर बकऱ्याच्या यकृताचा प्रयोग आहे आणि तो गुणकारी होता, कारण यकृतात 'अ' जीवनसत्त्वाचा साठा असतो. मग शाकाहारी मनुष्याने काय करावे? 'अ' जीवनसत्त्वाचा शोध १९१३ मध्ये लागला आणि पुढे असे कळले की पिवळ्या-केशरी फळांत व हिरव्या पानांत असलेल्या द्रव्यापासून शरीर ते स्वतः तयार करते. गाजर हे कंदमूळ म्हणून अनेक जैन घरांत वर्ज्य असते. परंतु पपई, आंबा, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, राजगिरा, मेथी, दूध व तूप यांतून ती गरज भागते. चातुर्मासात पालेभाज्या सोडणाऱ्यांनी पपई व भोपळा आवर्जून घ्यावा. उग्रादित्याचार्यांची भूमिका विज्ञानाने हजार वर्षांनंतर अशी पुष्ट केली.

येथे मुख्य मुद्दा असा की आपल्या आचार्यांनी वैद्यक जसेच्या तसे स्वीकारले नाही आणि जसेच्या तसे नाकारलेही नाही. त्यांनी ते चाळणीतून गाळून घेतले. हीच दृष्टी आज परंपरेकडे पाहताना ठेवावयाची आहे.

शलाकेपासून कृत्रिम भिंगापर्यंत

सुश्रुतांच्या वेधनकर्मात गढूळ झालेले भिंग डोळ्याबाहेर काढले जात नसे. ते बाहुलीसमोरून मागे ढकलले जाई. प्रकाशाला वाट मिळे, रोग्यास तात्काळ दिसू लागे आणि वैद्याचा जयजयकार होई. परंतु ढकललेले भिंग आतच राहिल्याने पुढे दाह, दाबवृद्धी आणि जंतुसंसर्ग संभवत असे. कालांतराने हे कर्म शास्त्र जाणणाऱ्या वैद्यांच्या हातून फिरत्या, अशिक्षित लोकांच्या हाती गेले. मद्रासच्या नेत्ररुग्णालयाचे प्रमुख राहिलेले रॉबर्ट हेन्री इलियट यांनी असे शेकडो डोळे तपासून १९१७ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये या विषयावर व्याख्याने दिली. त्या नोंदी पाहिल्यास असंख्य डोळे कायमचे गेल्याचे दिसते.

दरम्यान युरोपात फ्रेंच शल्यविशारद झाक दाविएल यांनी १७४७ मध्ये गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढण्याची पद्धत आरंभिली. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी नेत्रान्तर्दर्शक हे उपकरण जगापुढे ठेवले आणि जिवंत माणसाचा दृष्टिपटल प्रथमच वैद्याला दिसू लागला. १८६२ मध्ये स्नेलेन यांचा अक्षरांचा तक्ता आला. १९११ मध्ये गुलस्ट्रांड यांचा स्लिट लॅम्प आला. डोळ्याचा दाब मोजण्याची यंत्रे आली. १९९१ मध्ये प्रकाशकिरणांनी दृष्टिपटलाच्या थरांचे चित्र काढणारी ओसीटी ही पद्धत पुढे आली. पाहणे, स्पर्श व प्रश्न ही प्राचीन त्रिसूत्री यात बदललेली नाही. पाहण्याची शक्ती मात्र कैक पटींनी वाढली आहे.

भिंग काढल्यावर रोग्यास जाड काचांचा चष्मा लागत असे. गावोगावच्या शाळांतून आणि धर्मशाळांतून भरणाऱ्या नेत्रशिबिरांनंतर असे चष्मे घातलेली वृद्ध मंडळी अनेकांना आठवत असतील. कर्नाटकातील डॉ. एम. सी. मोदी यांच्यासारख्या सेवाव्रतींनी अशा शिबिरांतून लक्षावधींना दृष्टी दिली. लंडनमध्ये हेरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी डोळ्यात कृत्रिम भिंग प्रथम बसवले, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग विरघळवून सूक्ष्म छेदातून काढण्याचा मार्ग दाखवला. भारतात १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साह्याने महाराष्ट्रासह सात राज्यांत मोतीबिंदू अंधत्व नियंत्रण प्रकल्प राबवला गेला. त्यानंतर कृत्रिम भिंग सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. तंबूतील शस्त्रक्रिया मागे पडून 'तपासणी गावात, शस्त्रक्रिया रुग्णालयात' ही रीत रुजली. मराठवाड्याचेच सुपुत्र, लातूर जिल्ह्यातील माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून आणि राज्यभरच्या शिबिरांतून केलेले कार्य सर्वपरिचित आहे. २००८ मध्ये ते पद्मश्रीने सन्मानित झाले.

'पिकू द्या' हा सल्ला

आता सुश्रुतांच्या त्या इशाऱ्याकडे वळावे. "मोतीबिंदू अजून कच्चा आहे, पिकू द्या" हे वाक्य आजही घरोघरी ऐकू येते. हा सल्ला अज्ञानातून आलेला नाही. शलाकेने भिंग ढकलावयाचे असेल, तर ते घट्ट झालेले असणे आवश्यक होते. पुढे अखंड भिंग बाहेर काढून जाड चष्मा देण्याच्या काळातही थांबणे शहाणपणाचे होते, कारण शस्त्रक्रियेनंतरची दृष्टी कच्च्या मोतीबिंदूच्या दृष्टीपेक्षा फार चांगली नसे. त्या उपकरणाला तो नियम योग्य होता.

आज उपकरण बदलले आहे. मऊ भिंग सूक्ष्म छेदातून अधिक सुलभतेने निघते. पिकून कठीण झालेले भिंग काढणे उलट जोखमीचे असते. अतिपक्व मोतीबिंदू फुगतो किंवा त्यातील द्रव पाझरतो, त्यामुळे डोळ्याचा दाब एकाएकी वाढून तीव्र वेदना होतात आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून आजचा नियम असा की रोजची कामे, वाचन, चालणे यांत अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रियेचा विचार करावा. २०१५ ते २०१९ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील लोकांच्या अंधत्वात ६६.२ टक्के वाटा उपचार न झालेल्या मोतीबिंदूचा आढळला. म्हणजे ज्या रोगावरचा उपचार हाताशी आहे, त्यानेच सर्वाधिक माणसे अंध आहेत.

अनेकान्ताचा आधार घेऊन कोणी म्हणेल की दोन्ही मते आपापल्या ठिकाणी खरी. ते योग्यच आहे. परंतु अनेकान्त 'कोणत्या अपेक्षेने' हे विचारावयास शिकवतो. शलाकेच्या अपेक्षेने 'पिकू द्या' हे सत्य होते. आजच्या शस्त्रक्रियेच्या अपेक्षेने ते सत्य नाही. अपेक्षा न पाहता दोन्ही सारखेच म्हणणे हा अनेकान्त नव्हे.

न दुखता दृष्टी नेणारे रोग

मोतीबिंदूने गेलेली दृष्टी परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही. डोळ्यातील दाब आणि दृष्टिमज्जेची झीज यांमुळे दृष्टीचे क्षेत्र कडेकडून आकुंचन पावत जाते. समोरचे अक्षर अखेरपर्यंत वाचता येते, म्हणून रोग्यास काही झाल्याचे कळतच नाही. बाजूने येणारे वाहन दिसेनासे होते, उंबऱ्याला ठेच लागते, आणि माणूस त्यास वयाचा दोष मानतो. चाळिशीनंतर दाबाची व दृष्टिमज्जेची तपासणी करून घेणे, आणि कुटुंबात कोणास काचबिंदू असल्यास सर्व भावंडांनी ती करणे, हाच यावरील उपाय. रोज घालावयाचे थेंब आयुष्यभर चालू ठेवावे लागतात. दिसण्यात फरक पडत नाही म्हणून ते बंद करणे घातक ठरते.

मधुमेहाचेही तसेच. व्यापारी, बैठा व्यवसाय करणाऱ्या समाजात हा रोग वाढला आहे. दृष्टिपटलावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात, पण प्रारंभी दृष्टी उत्तम असते. मधुमेह्याने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी करून घ्यावी. वेळीच निदान झाल्यास लेसरने किंवा डोळ्यात देण्याच्या इंजेक्शनांनी बहुतांश दृष्टी राखता येते. दशलक्षण पर्वात उपवास करणाऱ्या मधुमेह्यांनी औषधांची मात्रा वैद्यांना आधी विचारूनच उपवास धरावा.

लहान मुलांच्या तिरळेपणाला भाग्याचे लक्षण मानून दुर्लक्ष केले जाते. वापरात न आलेला डोळा आळशी बनतो आणि सात-आठ वर्षांच्या वयानंतर तो सुधारणे कठीण होते. शाळेत जाण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे दोन्ही डोळे वेगवेगळे झाकून तपासले जावेत.

घरगुती उपचार : काय ठेवावे, काय सोडावे

परंपरेने दिलेली स्वच्छतेची शिस्त अमूल्य आहे. तोंड-डोळे वारंवार धुणे, दुसऱ्याचा पंचा न वापरणे, गाळून उकळलेल्या पाण्याचा वापर करणे या सवयींनी खुपऱ्यांसारखे रोग दूर राहतात. खुपऱ्यांनी एकेकाळी या देशात असंख्य लोक अंध केले. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून त्यांचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये घोषित केले. हा विजय औषधांइतकाच पाण्याचा व स्वच्छतेचाही आहे.

मात्र काही चाली सोडाव्या लागतील. तान्ह्या बाळाच्या डोळ्यात बोटाने काजळ घालू नये. सुरम्यात शिशाचे संयुग असू शकते आणि बोटावरचे जंतू तर असतातच. डोळ्यात दूध, मध, तेल किंवा कोणताही रस टाकू नये. ज्वारीचे पान, तुरीचे खुंट किंवा कापसाची काडी डोळ्याला लागणे आपल्या भागात नित्याचे आहे. अशा जखमेत बुरशीचा संसर्ग होऊन बुबुळावर फूल पडते. तेव्हा पदराच्या टोकाने किंवा जिभेने कण काढू नये आणि दुकानातून विचारून आणलेले थेंबही घालू नयेत, कारण त्यांत स्टेरॉइड असल्यास संसर्ग भडकतो. त्याच दिवशी जिंतूर, परभणी किंवा जालना येथे जेथे शक्य असेल तेथे नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

आयुर्वेदाचे शालाक्य आजही पदव्युत्तर स्तरावर शिकवले जाते. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्रीय परिषदेने शल्य व शालाक्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी अनुक्रमे ३९ व १९ शस्त्रकर्मांची सूची अधिसूचित केली, तेव्हा आधुनिक वैद्यकाच्या संघटनेने तीव्र विरोध नोंदवला. त्या वादाचा निर्णय सामान्य माणसाने करावयाचा नाही. त्याने एवढेच पाहावे की उपचार करणारा प्रथम डोळा नीट तपासतो का, रोगाचे नाव स्पष्ट सांगतो का, आणि आपल्या कक्षेबाहेरचा रोगी योग्य ठिकाणी पाठवतो का. न तपासता "चष्मा घालवून देतो", "मोतीबिंदू थेंबांनी विरघळवतो" असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. मोतीबिंदू विरघळवणारे सिद्ध औषध आजवर कोणत्याही पद्धतीत नाही.

धर्माचरण आणि औषधोपचार

शस्त्रक्रिया टाळण्याची काही कारणे धार्मिक भावनेतून येतात, म्हणून त्यांचा आदराने विचार व्हावा.

"दृष्टी गेली हा दर्शनावरणीय कर्माचा उदय, तो भोगलाच पाहिजे" असे म्हटले जाते. परंतु कर्माचा उदय द्रव्य, क्षेत्र, काल, भाव या निमित्तांच्या अपेक्षेने होतो, हेही शास्त्रच सांगते. कर्म भोगणे हा एकमेव मार्ग असता, तर चार दानांत औषधदानाला स्थान मिळाले नसते.

अभिषेकाचे गंधोदक मस्तकी आणि नेत्रांना लावण्याची आपली प्रथा आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत डोळ्याची जखम भरत असते. त्या काळात साधे पाणीही डोळ्यात जाऊ नये, मग पंचामृत अभिषेकाच्या गंधोदकात तर दूध-दह्याचा अंश असतो. नेत्रतज्ज्ञ अनुज्ञा देईपर्यंत गंधोदक केवळ मस्तकी धारण करावे. भक्तीत त्याने तसूभरही उणेपणा येत नाही. पहिले काही दिवस वाकून नमस्कार करण्याऐवजी बसून हात जोडावेत.

रात्री चतुर्विध आहाराचा त्याग असणारे लोक सायंकाळनंतर डोळ्यात थेंब घालण्यास कचरतात. त्यांची शंका निराधार नाही. डोळ्यातून घशाकडे एक सूक्ष्म नलिका जाते आणि थेंबांची कडवट चव जिभेवर येते. यावर सोपा उपाय आहे. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकालगतचा कोपरा बोटाने दोन मिनिटे हलकेच दाबून धरावा. औषध डोळ्यातच राहते, घशात उतरत नाही. शिवाय गुण अधिक येतो. काचबिंदूचे दिवसातून एकदाच घालावयाचे थेंब सूर्यास्तापूर्वीच्या ठरावीक वेळेला घालता येतील का, हे वैद्यांना विचारावे. न विचारता थेंब वगळणे मात्र टाळावे.

शस्त्रक्रियेत बसवले जाणारे भिंग अॅक्रिलिकसारख्या कृत्रिम द्रव्याचे असते, त्यात प्राणिज अंश नसतो. आणि शासकीय रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया मोफत होते, त्यामुळे मुलांवर खर्चाचा भार नको म्हणून गप्प बसणाऱ्या वृद्धांनी संकोच सोडावा.

अखेरचे दान

बुबुळाच्या फुलामुळे आलेले अंधत्व औषधाने जात नाही. तेथे दुसऱ्या माणसाचे बुबुळच बसवावे लागते. ७ डिसेंबर १९०५ रोजी एडवर्ड झिर्म यांनी अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. भारतातील पहिली नेत्रपेढी १९४५ मध्ये चेन्नईत स्थापन झाली. कृत्रिम भिंग कारखान्यात घडते. बुबुळ मात्र आजही मुख्यत्वे माणसाने माणसाला द्यावे लागते.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्र घ्यावे लागतात. आपल्यात अंत्यसंस्कार लवकर होतात, म्हणून घरच्यांनी नेत्रपेढीस त्वरित कळवावे. तोवर पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा, डोक्याखाली उशी द्यावी. पंधरा-वीस मिनिटांत काम होते. चेहरा विद्रूप होत नाही. चष्मा असणारे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले आणि मधुमेहीसुद्धा नेत्रदान करू शकतात. देह पुद्गल आहे आणि आत्मा त्याहून भिन्न आहे, हे ज्याने आयुष्यभर ऐकले, त्याला निष्प्राण देहातील बुबुळाचा मोह असण्याचे कारण नाही. त्या बुबुळामागून पाहणारा कोणी अनोळखी मनुष्य उद्या पायाखालची मुंगी पाहून पाऊल बाजूला टाकेल.

चारठाण्याच्या भूमीवर प्राचीन मंदिरे, बारव आणि शिल्पे आजही उभी आहेत. शेजारी जिंतूरला नेमगिरीच्या गुंफांत भगवंतांच्या मूर्ती विराजमान आहेत. ज्यांनी हे सारे आपल्यासाठी जपले, त्या वडीलधाऱ्यांना त्याचे दर्शन धुक्यातून घ्यावे लागू नये. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात : चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची नेत्रतपासणी, मोतीबिंदू उतरलेल्या आजी-आजोबांची चातुर्मासानंतरवर न ढकलता केलेली शस्त्रक्रिया, आणि घरातील सर्वांच्या संमतीने भरलेला नेत्रदानाचा अर्ज. आचार्य उग्रादित्यांनी वैद्यक गाळून घेतले आणि त्यातील हितकर ते समाजाला दिले. तीच चाळणी आता आपल्या हाती आहे.

सर्वांना निर्मल दृष्टी आणि सम्यक् दर्शन लाभो. जय जिनेन्द्र.